एका गोळीचा आठवडा

‘एकच तर गोळी घ्यायची असते’ हे फ्लुकोनाझोलबद्दल हमखास ऐकू येणारं वाक्य अर्धंच खरं आहे. घ्यायची एकदाच असते, पण जायला ती आठवडा लावते. योनीमार्गातल्या बुरशीवर, म्हणजे आता सगळ्याजणी ज्याला ‘यीस्ट’ म्हणतात त्यावर दिली जाणारी ही १५० मिलिग्रॅमची गोळी रक्तात निम्मी व्हायलाच सुमारे ३० तास घेते. सोमवारी रात्री घेतली तर गुरुवारी रात्रीही तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा अंगात असतो. म्हणून तर एका डोसात काम भागतं. पण बुधवारी कंबर धरली म्हणून पेनकिलर घ्यायला गेलेल्या बाईला विचारा, ‘कुठलं औषध चालू आहे का?’ उत्तर ठरलेलं: ‘नाही हो, काहीच नाही.’

दोन्ही औषधांची गाठ पडते यकृतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, सेलेकॉक्सिब, पाळीच्या दुखण्यावरचं मेफेनॅमिक ॲसिड, या सगळ्यांची विल्हेवाट लावण्यात सीवायपी २सी९ नावाच्या एन्झाइमचा मोठा वाटा असतो, आणि फ्लुकोनाझोल नेमकं त्यालाच दाबून ठेवतं. निरोगी माणसांवरच्या एका प्रयोगात फ्लुकोनाझोलच्या जोडीने ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन दिलं, तेव्हा त्यातल्या वेदना शमवणाऱ्या रूपाचं रक्तातलं एकूण प्रमाण ८२ टक्क्यांनी वाढलं. सेलेकॉक्सिबचं तर दुपटीच्याही वर जातं.

आकडा ऐकून लगेच धसका घेऊ नका. त्या प्रयोगात फ्लुकोनाझोल पहिल्या दिवशी ४०० आणि दुसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम दिलं होतं. एका १५० च्या गोळीचा परिणाम त्याहून सौम्य असणार. पंचविशीतल्या धडधाकट मुलीने त्या आठवड्यात जेवणानंतर दोनदा आयब्युप्रोफेन घेतलं तर मी तिला घाबरवणार नाही. पॅरासिटामॉल घेतलं तर उत्तमच, त्याचा बहुतेक निचरा वेगळ्या वाटेने होतो. (फक्त दुखण्याच्या जोडगोळीत ते आधीच मिसळलेलं असतं, हे पाहून वरून आणखी घेऊ नये.)

मला काळजी वाटते ती या मुलीच्या आईची. पन्नाशी ओलांडलेली, शुगर आहे, बीपी आहे. या वयात यीस्ट पुन्हापुन्हा होण्यामागे बहुतेकदा शुगरच असते. त्यात डापाग्लिफ्लोझिन आलं. हे औषध जादाची साखर लघवीवाटे बाहेर काढतं. शुगर उतरते, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही फायदा होतो, पण त्या जागी साखर आली की बुरशीचं फावतं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे त्याचं पेटंट संपलं, स्वस्त जेनेरिक आली आणि औषध तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचलं. चांगलंच झालं. खाजेची कल्पना मात्र फार थोड्यांना आधी दिली जाते. पुरुषांनाही हा त्रास होतो, आणि ते तर बायकोलासुद्धा सांगत नाहीत.

या काकूंच्या डब्यात बहुधा शुगरची ग्लिमेपिराइडही असते. तिचा निचराही त्याच सीवायपी २सी९ कडून. फ्लुकोनाझोलच्या आठवड्यात ती रक्तात साचते आणि शुगर नको तेवढी खाली येते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. घरचे म्हणतात, उपास बाधला. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक सुरू असेल आणि बीपीसाठी टेल्मिसार्टनसोबत लघवीची गोळी, तर मूत्रपिंडावरचा ताण मुळातच वाढलेला असतो. पेनकिलर रक्तात जास्त टिकली की त्यात भरच.

त्याहून वाईट गाठ म्हणजे हृदयाची झडप बदललेल्या बाईची. ती रक्त पातळ ठेवायला असिनोकुमेरॉल किंवा वॉरफेरिन घेते, रक्त किती पातळ आहे हे सांगणारा पीटी-आयएनआर सांभाळत जगते. फ्लुकोनाझोल ही गोळीही साचवतं आणि आयएनआर चढतो. वरून पेनकिलर पोटाच्या अस्तराला इजा करते आणि रक्ताची गुठळी धरण्याच्या कामातही अडथळा आणते. काळी शी दिसेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. अशा बाईने मायकोनाझोलची क्रीम किंवा तोंडाला लावायची जेलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण वरून लावलेलं मायकोनाझोलही आयएनआर वाढवू शकतं.

आता मेडिकलच्या काउंटरवर काय होतं ते पाहा. संध्याकाळची गर्दी. पुढचे दोन पुरुष जाईपर्यंत बाई बाजूला थांबते. मग हळूच, ‘दादा, ती खाजेची एकच घ्यायची गोळी द्या.’ तो नजर न उचलता खण उघडतो, गोळी पाकिटात. ‘आणि कंबरेसाठी काहीतरी.’ कात्रीने पट्टीतल्या चार गोळ्या कापल्या जातात. नाव अर्धं या तुकड्यावर, मुदत दुसऱ्या तुकड्यावर. ‘ॲसिडिटी होईल ताई, ही गॅसची सकाळी उपाशीपोटी घ्या.’

न मागितलेली ही तिसरी गोळी बऱ्याचदा पॅन्टोप्राझोल आणि डोमपेरिडोन यांची असते. डोमपेरिडोनचा निचरा करणारं एन्झाइम वेगळं, सीवायपी ३ए४. फ्लुकोनाझोल त्यालाही आवरून धरतं. शिवाय डोमपेरिडोन आणि फ्लुकोनाझोल दोन्ही हृदयाच्या ठोक्याचं विद्युत चक्र लांबवू शकतात. ज्याचं हृदय आधीच अशक्त आहे किंवा पोटॅशियम कमी आहे, त्याच्यासाठी हा हिशेब साधा नाही. पेनकिलरसोबत गॅसची गोळी हा आपल्याकडचा शिष्टाचार झाला आहे, तो कोणी तपासून पाहत नाही.

फ्लुकोनाझोल चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, हे पट्टीवर छापलेलं असतं. किंबहुना आपल्या औषध कायद्यात ‘ओव्हर द काउंटर’ असा वर्गच नाही. ब्रिटनमध्ये हीच १५० ची गोळी फार्मसिस्ट चिठ्ठीशिवाय देतो, पण १६ ते ६० वयाच्या आतल्यांनाच, आणि विचारून: दिवस गेलेत का, सहा महिन्यांत दोनपेक्षा जास्त वेळा झालंय का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत. तिथे कायदा मोकळा आणि प्रश्न पक्के. आपल्याकडे कायदा कडक आणि प्रश्न एकही नाही.

तरीही मला कायदा आणखी आवळलेला नको आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ चाळीस किलोमीटरवर, फी वेगळी, सासूला कारण सांगायचं वेगळंच. अशा बाईला काउंटरवरून हाकललं तर ती खाजवत बसेल किंवा शेजारणीची गोळी घेईल. त्यापेक्षा दुकानात नोंदणीकृत फार्मसिस्ट खरोखर हजर असावा आणि त्याने कोपऱ्यात घेऊन विचारावं: शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, दिवस गेलेत का. अर्ध्या मिनिटाचं काम. उत्तरात एकही ‘हो’ आला तर क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी पुढे करावी. ती रक्तात फारच थोडी उतरते, त्यामुळे वरचा बहुतेक गुंता उद्भवतच नाही. गरोदरपणातही डॉक्टर तीच देतात. ‘पोटात घ्यायची सोपी’ म्हणून ती मागे पडली, एवढंच.

मुळात यीस्टसाठी पेनकिलर लागावी तरी का? यीस्टमध्ये खाज असते, आग असते, दह्यासारखं पांढरं जातं. ओटीपोटात खोल दुखत असेल, ताप असेल, जाणाऱ्या पाण्याला घाण वास असेल तर ते वेगळं काही आहे: लघवीचा संसर्ग, नाहीतर गर्भाशयाचा किंवा नळ्यांचा. त्यावर फ्लुकोनाझोल चालत नाही, आणि पेनकिलर ताप उतरवून, दुखणं झाकून तपासणी चार दिवस पुढे ढकलते.