परतीच्या वाटेचे काय?

कोलकात्यात खिदिरपूरच्या गोदीकडे जाणाऱ्या हाइड रोडवर कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची लांबच लांब रांग लागलेली असते. आत शिरण्याची पाळी केव्हा येईल हे चालकांना ठाऊक नसते. चहा, जेवण आणि झोप सारे त्या रांगेतच उरकते. केंद्र सरकारच्या सेवेतील माझी काही वर्षे या शहरात गेली. गेल्या हिवाळ्यात जुन्या सहकाऱ्यांना भेटायला गेलो असता, तेथील एका टपरीवर बिहारच्या सिवान जिल्ह्यातील एका ट्रेलरचालकाशी ओळख झाली. वय पस्तिशीच्या आसपास, त्यातली पंधरा वर्षे चाकामागे गेलेली. मी निवृत्त अधिकारी आहे हे कळताच त्याने केबिनमधून प्लास्टिकची एक फाइल काढून आणली आणि म्हणाला, ‘‘साहेब, यात नेमके काय लिहिले आहे, तेवढे वाचून सांगाल का?’’

फाइलमध्ये कॅनडातील एका वाहतूक कंपनीच्या नावाचे दोन पानी इंग्रजी पत्र होते, काही पावत्या होत्या आणि चार पासपोर्टच्या छायाप्रती होत्या: त्याची, पत्नीची आणि दोन मुलींची. दलालाने अठरा लाख मागितले होते. सहा लाख शेत गहाण टाकून दिले होते. उरलेले शेत विकून द्यायचे होते. पत्रात कामाचे तास होते, तासाचा मेहनताना होता. पत्नी आणि मुलींविषयी एकच वाक्य होते: कुटुंबीय नियमांनुसार अर्ज करू शकतील. दलालाने त्याचा अर्थ ‘फॅमिली व्हिसा पक्का’ असा सांगितला होता. मी ते वाक्य त्याला दोनदा समजावले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

या रांगेपासून हुगळीचा सुरिनाम घाट फारसा दूर नाही. एकोणिसाव्या शतकात गिरमिट्यांची, म्हणजे करारबद्ध मजुरांची जहाजे याच परिसरातून सुटत. २६ फेब्रुवारी १८७३ रोजी कोलकात्याहून निघालेले ‘लल्ला रूख’ त्याच वर्षी ५ जूनला सुरिनामला पोहोचले. मॉरिशस, ब्रिटिश गयाना, त्रिनिदाद आणि फिजीसाठीही कोलकाता हेच प्रमुख बंदर होते. २०११ मध्ये या मजुरांच्या स्मरणार्थ खिदिरपूरला फलक लावण्यात आला आणि २०१५ मध्ये सुरिनाम घाटावर ‘माई-बाप’ या शिल्पाचे अनावरण तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या हस्ते झाले. गाठोडे घेऊन निघालेले एक जोडपे असे ते शिल्प आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या शिल्पाविषयी एक खुलासा करावासा वाटतो. गिरमिट पद्धतीत कुटुंब हा हिशेबाचा भाग होता. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया जहाजावर असल्या पाहिजेत असा नियम होता आणि तो भरून काढण्यासाठी भरती करणारे दलाल वाटेल त्या थापा मारत. अनेक पुरुष आणि अनेक स्त्रिया एकेकटेच निघाले. त्यांची कुटुंबे जहाजावर आणि मळ्यांत जुळली. करार पाच वर्षांचा असे आणि कामावर गैरहजर राहणे हा फौजदारी गुन्हा ठरे. ती पद्धत क्रूर होती, याविषयी दुमत नाही.

तिचे सर्वांत कमी सांगितले गेलेले प्रकरण मात्र परतीचे आहे. वसाहतींतून परतलेल्या अनेकांना गावाने स्वीकारले नाही. समुद्र ओलांडलेला, जातीबाहेर लग्न केलेला, परदेशी जन्मलेल्या मुलांना घेऊन आलेला माणूस गावाला परका वाटे. असे शेकडो लोक १९२० च्या दशकात खिदिरपूरला लागून असलेल्या मटियाबुर्जमध्ये झोपड्या करून राहिले आणि पुन्हा वसाहतीत नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत बसले. भवानी दयाल संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी १९३१ साली परतलेल्या स्थलांतरितांवर अहवाल लिहिला, तो या दैन्याचा दस्तऐवज आहे. एकटा गेलेला माणूस हरून परतला तर एका माणसाचे नुकसान होते. कुटुंबासह गेलेला परतला, तर ज्या मुलांना परतायचे गावच माहीत नाही त्यांचाही प्रश्न उभा राहतो.

आज परदेशी ट्रक चालवायला निघालेल्या माणसाला गिरमिट्या म्हणणे अन्यायाचे होईल. तो स्वेच्छेने जातो, त्याच्या हातात मोबाइल आहे आणि काम जमले तर त्याची मुले चांगल्या शाळेत शिकतात. पंजाबातील हजारो कुटुंबांनी कॅनडाच्या मालवाहतुकीत हे करून दाखवले आहे. महिनोन्‌महिने घराबाहेर राहणाऱ्या आपल्या चालकाला कुटुंब सोबत असावेसे वाटले, तर त्यात चूक काय? चूक आहे ती त्याला अर्धीच माहिती देऊन पाठवणाऱ्या व्यवस्थेत.

पहिली गोष्ट परवान्याची. पंधरा वर्षांचा भारतीय अनुभव तेथे शून्यातून मोजला जाऊ शकतो. जर्मनीत वास्तव्याला गेल्यावर भारतीय परवाना सहा महिनेच चालतो. पुढे जड वाहनाचा तेथील परवाना आणि व्यावसायिक चालकाची वेगळी पात्रता मिळवावी लागते. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने २०१७ पासून नव्या जड वाहनचालकांना किमान १०३.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. सस्कॅचेवान प्रांतात अशी सक्ती आली ती २०१९ मध्ये, एका भीषण अपघातानंतर. ६ एप्रिल २०१८ रोजी तेथे एका मालट्रकने थांब्याची खूण ओलांडली आणि हॉकी संघाच्या बसशी झालेल्या धडकेत १६ जण दगावले. ट्रकचा चालक भारतातून गेलेला तरुण होता. त्या कामाला लागून त्याला जेमतेम काही आठवडे झाले होते. त्याने गुन्हा कबूल केला, त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे हद्दपारीचा आदेशही निघाला. नोंदवह्यांतील त्रुटींसाठी कंपनीच्या मालकाला पाच हजार डॉलरचा दंड झाला. चालकाचा अपराध लहान नव्हता. परंतु अपुऱ्या तयारीची किंमत कोण किती मोजतो, हे या दोन शिक्षांवरून कळते.

दुसरी गोष्ट पैशांची. कॅनडात परदेशी कामगार आणण्यासाठी मालकाला जी परवानगी लागते, तिचे एक हजार डॉलर शुल्क मालकानेच भरायचे असते. ते कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे. तरीही या परवानग्या लाखो रुपयांना विकल्या जातात. तेथे पोहोचल्यावर काही कंपन्या चालकाला स्वतःच्याच नावाने कंपनी काढायला लावतात. मग कागदावर तो नोकर उरत नाही. आजारपणाची रजा, जादा कामाचा मोबदला, अपघात विमा यांवरचा त्याचा हक्क सुटतो.

तिसरी गोष्ट कुटुंबाची. जोडीदाराला काम करण्याची मुभा कोणाला द्यायची, हे यजमान देश आपल्या सोयीने ठरवतो. जानेवारी २०२५ मध्ये कॅनडाने ही मुभा निवडक व्यवसायांपुरती आखडली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी ट्रकचालकांना कामाचे व्हिसा देणेच थांबवले. अठरा लाखांच्या हिशेबात पत्नीची कमाई धरलेली असेल, तर एका आदेशाने तो हिशेब कोसळतो. आणि शेत तर आधीच विकलेले असते.

आपला कायदा येथे कुठे आहे? १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी बंधनकारक आहे आणि तो उमेदवाराकडून घेऊ शकतो त्या शुल्काची मर्यादा तीस हजार रुपये अधिक कर एवढी आहे. पण स्वतःला ‘सल्लागार’ म्हणवणारा, नोकरी नव्हे तर व्हिसाचे कागद करून देतो असे सांगणारा माणूस या चौकटीतून निसटतो. ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे पद गिरमिटच्या काळापासून आहे. आज त्याची पूर्वपरवानगी लागते ती प्रामुख्याने दहावी न झालेल्यांना आणि तीही ठरावीक अठरा देशांसाठी. कॅनडा आणि जर्मनी त्या यादीत नाहीत. श्रीमंत देशात जाणाऱ्याला संरक्षणाची गरज नाही, हे गृहीतक चुकीचे आहे. २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये नव्या कायद्याचे मसुदे चर्चेसाठी मांडले गेले. त्या चर्चेत कुटुंबाचा आणि परतीचा विचार ठळकपणे झाला पाहिजे.

सरकारने ठरवले तर वेगळी वाटही काढता येते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात वाहनचालकांचाही समावेश आहे आणि जर्मन भाषेचे प्रशिक्षण शासनाने द्यायचे आहे. दलालाला वगळून एका राज्याने दुसऱ्या राज्याशी बोलणे, ही दिशा योग्य आहे. परंतु करार तपासताना ‘किती गेले’ यापेक्षा ‘गेल्यावर काय झाले’ हे विचारले पाहिजे. किती जणांना तेथील परवाना मिळाला? किती जणांचे कुटुंब त्यांच्याजवळ पोहोचले? जे परतले ते कोणत्या कर्जासह परतले?

गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात गिरमिट पद्धत रद्द करण्याचा ठराव मांडला. बिगरसरकारी भारतीय सदस्य त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी सरकारी बहुमताने ठराव फेटाळला. पाच वर्षांनी, १९१७ मध्ये ही भरती थांबली. तोवर गोखले हयात नव्हते. ज्याला कराराच्या अटी समजलेल्याच नाहीत, त्याच्या अंगठ्याला संमती म्हणता येत नाही, हा त्यांच्या बाजूचा एक मुख्य मुद्दा होता. आज अंगठ्याच्या जागी सही आली आहे. प्रत्येक परदेशी नोकरीचा प्रस्ताव कामगाराच्या भाषेत देण्याची सक्ती, मालकाच्या परवानगीची सरकारी पडताळणी, कुटुंबाच्या हक्कांचे स्वतंत्र पान आणि परतणाऱ्यांसाठी मदतीचा निधी, एवढे करायला क्रांती लागत नाही. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, त्याला एक चांगला नमुना-अर्ज आणि तो वाचणारा अधिकारी पुरतो.

त्या चालकाच्या फाइलवर मी मागच्या बाजूला तीन प्रश्न हिंदीत लिहून दिले. मालक बदलला तर परवान्याचे काय? पत्नीला काम करता येईल, हे कोणत्या कागदावर लिहिले आहे? परतावे लागले तर चार तिकिटांचे पैसे कोण देणार? दलालाकडून उत्तरे लेखी मिळेपर्यंत शेत विकू नका, असेही सांगितले. तेवढ्यात रांग पुढे सरकली. फाइल सीटखाली ठेवून त्याने गाडी सुरू केली.