शिवडीचा चिखल रिकामा नाही

मुंबई बंदराच्या जमिनींचे पुढे काय करायचे, याचा खल गेली दहा-बारा वर्षे सुरू आहे. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या ताब्यात सुमारे १,८०० एकर जमीन आहे. एवढी मोठी जागा एकाच मालकाकडे असणे हे मुंबईत अप्रूपच. त्यामुळे क्रूझ टर्मिनल, मरीना, कार्यालये, उद्याने अशा कल्पनांना तोटा नाही. त्यात चूक काही नाही. गोदीच्या भिंतींनी मुंबईकरांपासून तोडलेला किनारा खुला व्हायलाच हवा. पण या जमिनीला लागून शिवडीपासून माहुलपर्यंत पसरलेल्या उथळ खाडीचे काय, हा प्रश्न कुणी नेटाने विचारत नाही.

खाडीचा उथळपणा हाच तिचा प्राण आहे. उधाणाला इथे पाणी साडेचार मीटरच्या वर चढते आणि ओहोटीला तेच पाणी लांबवर मागे सरते. मग शिवडीच्या धक्क्यालगतच्या होड्या गाळात एका कुशीवर कलतात, निवट्या बिळांबाहेर येऊन उड्या मारू लागतात. हिवाळ्यात त्याच चिखलावर हजारो रोहित पक्षी उतरतात. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते गाळपाणी गाळतात आणि त्यातले शेवाळ टिपतात. जहाजांना हा गाळ अडचणीचा वाटला, तरी मासळीला वाढायला, पक्ष्यांना पोट भरायला आणि भरतीच्या पाण्याला पसरायला तोच लागतो.

बंदराचा या गाळाशी झगडा जुना आहे. पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाला, प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये उघडला आणि १९१४ मध्ये आजची इंदिरा गोदी सुरू झाली. भरती-ओहोटीतला फरक एवढा मोठा, की गोदीला दरवाजे बसवून आत पाणी अडवून ठेवावे लागले. मार्गातला गाळ तर सतत उपसावाच लागतो. पुढे शहराची कोंडी वाढली, कंटेनरची मोठी जहाजे आली आणि १९८९ मध्ये पलीकडच्या काठावर न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. आज मुंबई बंदराच्या जमिनीकडे साऱ्यांचे डोळे लागले आहेत, त्याचे मूळ या स्थलांतरात आहे.

न्हावा-शेव्याचा धडा मात्र विसरू नये. तिथल्या भरावामुळे आणि कामांमुळे मासेमारी बुडालेल्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्या, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला. बंदर सुरू होऊन तेव्हा पाव शतक उलटले होते. एक अख्खी पिढी पारंपरिक धंद्यातून उठली, त्यानंतर कागदावर न्याय उमटला. शिवडी, माहुल आणि तुर्भ्याच्या कोळ्यांवर तीच पाळी आणायची का? त्यांच्या पाण्यात आधीच घाटकोपर-भांडुपकडून येणारे सांडपाणी आहे, शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आहेत आणि डोक्यावरून आता अटल सेतू गेला आहे. सेतू उभारताना पक्ष्यांसाठी आवाज अडवणाऱ्या भिंती बसवल्या, हे चांगलेच झाले. जाळे टाकणाऱ्यांची काळजीही तितक्याच तत्परतेने घ्यायला हवी.

ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. त्याचा आनंद सर्वांनाच आहे. पण ते अभयारण्य ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचे आहे. ज्या शिवडीने मुंबईकरांना रोहित पक्षी बघायला शिकवले, ती त्याच्या हद्दीबाहेर राहिली. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सजीव चिखलपट्ट्यांना संरक्षण आहे आणि उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांच्या रक्षणाचा सविस्तर निकालही दिला आहे. तरीही रात्रीतून डेब्रिजचे ट्रक रिकामे होतात, ते इथे चिखल म्हणजे ओसाड जागा ही समजूत पक्की रुजली आहे म्हणून. एकदा भराव पडला की त्यावर हक्क सांगणारे पुढे येतात आणि खाडी परत मिळत नाही.

बंदर केंद्राच्या ताब्यात, कांदळवने राज्याच्या वनखात्याकडे आणि सांडपाणी महापालिकेचे. या त्रांगड्यात खाडीचा वाली कुणीच नाही. म्हणून बंदराच्या जमिनीचा एकही नवा तुकडा भाडेपट्ट्याने देण्याआधी केंद्र आणि राज्याने एकत्र बसून शिवडी-माहुलच्या चिखलपट्ट्याची हद्द आखावी, त्याला पाणथळ जागा म्हणून अधिसूचित करावे आणि कोळ्यांचे मासेमारीचे, होड्या लावण्याचे, जाळी सुकवण्याचे हक्क त्याच अधिसूचनेत नावानिशी लिहावेत. बाकीचे आराखडे तोवर थांबले तरी चालतील.