दुसरा प्रश्न कोणी विचारायचा?

मंत्र्याने पत्रकार परिषद बोलवावी, अर्धा-पाऊण तास स्वतःच बोलावे, आणि अडचणीचा पहिला प्रश्न कानावर पडताच 'तुम्ही कोणत्या वृत्तपत्राचे?' असा उलट सवाल करावा, हा प्रकार आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही विपरीत आहे असे ना मंत्र्याला वाटत, ना समोर बसलेल्या वार्ताहरांना. वस्तुतः प्रश्न कोणी विचारला याला काडीचेही महत्त्व नाही. तो रास्त आहे की नाही, एवढेच पाहावयाचे असते. रस्त्यासाठी मंजूर झालेला पैसा कोठे गेला, ही पृच्छा विरोधी पक्षाच्या मुखपत्राने केली म्हणून त्या रस्त्यावरचे खड्डे बुजत नाहीत. परंतु प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी प्रश्नकर्त्याची कुळी काढणे सोपे असते. आणि सोपे ते करावे, हा राजकारणातील सनातन धर्म आहे.

पत्रकार परिषद आणि प्रसिद्धीपत्रक या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा विसर राज्यकर्त्यांना पडला आहे. आपल्याला जे सांगावयाचे ते सांगण्यासाठी सरकारकडे माहिती खाते आहे, आकाशवाणी आहे, दूरदर्शन आहे, आता प्रत्येक मंत्र्याच्या खिशात स्वतःचे प्रक्षेपण केंद्र म्हणावे असा मोबाइल आहे. वार्ताहरांना समोर बसवावयाचे ते सरकारला जे सांगावयाचे नाही ते विचारता यावे म्हणून. पंडित नेहरूंना हे उमजले होते. महिन्याकाठी एकदा ते पत्रकारांना सामोरे जात. चिडत, उसळत, प्रसंगी एखाद्याची खरडपट्टीही काढत. पण प्रश्न घेत. २२ मे १९६४ रोजी, प्रकृती पार ढासळलेली असताना, ते असेच दिल्लीत पत्रकारांपुढे बसले. तुमच्यामागे कोण, हा त्या काळी त्यांना वारंवार विचारला जाणारा आणि कोणाही माणसाला बोचेल असा प्रश्न त्या दिवशीही आला. आपले आयुष्य काही इतक्यात संपत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पाचच दिवसांनी, २७ मे रोजी, ते गेले. उत्तर खोटे ठरले, परंतु प्रश्न विचारणाऱ्याला कोणी सभागृहाबाहेर काढले नव्हते.

नेहरूंच्या नातवाच्या कारकिर्दीत याच व्यवस्थेचे दुसरे रूप दिसले. २१ जानेवारी १९८७ रोजी राजीव गांधी यांच्या पत्रकार परिषदेत एका पाकिस्तानी पत्रकाराने त्यांच्या पाकिस्तान भेटीसंबंधी विचारले. परराष्ट्र सचिवांनी केलेले विधान आणि पंतप्रधानांचे म्हणणे यांत मेळ नव्हता. लवकरच तुम्हांला नव्या परराष्ट्र सचिवांशी बोलावे लागेल, असे राजीवजी बोलून गेले. परराष्ट्र सचिव ए. पी. वेंकटेश्वरन हे त्याच सभागृहात बसलेले होते! त्यांनी राजीनामा दिला. देशाच्या एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याला पंतप्रधान कशी वागणूक देतात, हे लोकांना कोणत्याही फाइलीतून कळले नसते. ते एका साध्या प्रश्नामुळे कळले.

या घटनेपासून बोध घ्यावयाचा तर तो असा की नेत्याने बोलताना संयम राखावा. आमच्या नेत्यांनी बोध घेतला तो वेगळाच: प्रश्नच घेऊ नयेत! डॉ. मनमोहन सिंग पत्रकारांसमोर क्वचितच आले. ३ जानेवारी २०१४ च्या त्यांच्या पत्रकार परिषदेत त्यांनी बोचरे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि आजच्या माध्यमांपेक्षा इतिहास आपल्याशी अधिक उदारपणे वागेल, अशी आशा व्यक्त केली. त्यांच्यानंतर आलेल्या श्री. नरेंद्र मोदी यांनी पंतप्रधानपदाच्या पहिल्या दहा वर्षांत स्वदेशात एकही खुली पत्रकार परिषद घेतली नाही. १७ मे २०१९ रोजी पक्षाच्या दिल्लीतील कार्यालयात ते पत्रकारांसमोर बसले खरे, तथापि प्रश्न आले ते त्यांनी पक्षाध्यक्ष अमित शहा यांच्याकडे वळवले. आपण पक्षाचे शिस्तबद्ध सैनिक आहोत, असे कारण दिले. शिस्त चांगलीच; पण पंतप्रधान हा पक्षाचा सैनिक असण्यापूर्वी प्रजेचा सेवक असतो, आणि सेवकाला मालकाने विचारले तर तो वरिष्ठाकडे बोट दाखवीत नाही. २२ जून २०२३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मात्र यजमानांच्या रिवाजानुसार त्यांना एका अमेरिकी महिला पत्रकाराचा, अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयीचा प्रश्न घ्यावा लागला आणि त्यांनी उत्तरही दिले. आकाश कोसळले नाही. कोसळली ती त्या पत्रकार महिलेवर शिव्याशापांची लाट, इतकी की अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाला तिचा निषेध करावा लागला.

हे वाचून एका पक्षाच्या वाचकांच्या भुवया उंचावल्या असतील, तर दुसऱ्या पक्षाच्या वाचकांनीही फार खूश होऊ नये. २५ मार्च २०२३ रोजी, खासदारकी रद्द झाल्यानंतरच्या पत्रकार परिषदेत, श्री. राहुल गांधी यांना एका वार्ताहराने सत्तारूढ पक्षाच्या आरोपाबद्दल विचारले. आरोपाचे उत्तर देणे बाजूलाच राहिले. भाजपसाठी काम करावयाचे तर छातीवर त्यांचा बिल्ला लावून या, असे त्यांनी त्याला सुनावले आणि वर 'हवा निघून गेली' अशी टवाळीही केली. मुंबई प्रेस क्लबने या वर्तनाचा निषेध केला, हे योग्यच झाले. केरळमध्ये तर गंमतच आहे. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी जुलै २०१७ मध्ये तिरुवनंतपुरम येथे पत्रकारांना 'बाहेर चालते व्हा' म्हणून फर्मावले, आणि त्यांच्याशी ज्यांचा उभा दावा, ते राज्यपाल आरिफ मोहम्मद खान यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये कोची येथे दोन वाहिन्यांच्या प्रतिनिधींना नावानिशी बाहेर काढले. एरवी ज्यांचे एकाही मुद्द्यावर जमले नाही, त्यांचे या एका बाबतीत कसे छान जमले!

दटावण्यापेक्षा गोंजारणे अधिक परिणामकारक, हे ओळखणारे नेतेही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र भाजपचे तत्कालीन अध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांची एक ध्वनिफीत बाहेर आली. निवडणूक होईपर्यंत विरोधी बातम्या येऊ नयेत म्हणून पत्रकारांना चहाला बोलवा, ढाब्यावर न्या, असा उपदेश ते कार्यकर्त्यांना करीत होते. पत्रकारांना सन्मानाने वागवा एवढाच आपला हेतू होता, असा खुलासा त्यांनी मागाहून केला. आम्हांला या प्रकरणात खटकले ते त्यांचे बोलणे नव्हे. एका कप चहात बातमी विरघळते, हा त्यांचा अनुभव असल्याखेरीज ते असे बोलले नसते, हे खटकले.

चहाचा हा विषय निघाला की गोमंतकाकडे वळणे प्राप्तच आहे. आपले राज्य लहान. मुख्यमंत्र्यांना वार्ताहराचे गाव ठाऊक, त्याचे कुलदैवत ठाऊक, त्याचा मावसभाऊ कोणत्या खात्यात चिकटला आहे हेही ठाऊक. येथे कोणी कोणाला बाहेर काढत नाही. 'आरे, तू सुद्धा?' एवढे हसून म्हटले की काम भागते. प्रश्न विचारणाऱ्यालाच ओशाळल्यासारखे होते, शेजारचे हसतात, आणि विषय जत्रेवर किंवा पावसावर जातो. दिल्लीच्या दरडावणीपेक्षा पर्वरीचे हे हसू अधिक घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण दरडावणीची बातमी होते, हसण्याची होत नाही.

त्याचे मोल आपण मोजले आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर आजारी पडले. मुंबई, अमेरिका, पुन्हा मुंबई, मग दिल्ली असे उपचार चालू राहिले. आजार कोणता, कारभार कोण पाहतो, फाइली कोठे जातात, हे विचारणाऱ्याला माणुसकी नाही असे बोल लावले गेले. पर्रीकरांविषयी गोमंतकीयांच्या मनात जो जिव्हाळा होता तो आमच्याही मनात होता, आणि रुग्णालयाच्या दारात कॅमेरे रोखून उभे राहणाऱ्यांचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु आजारी माणसाचा खासगीपणा वेगळा आणि राज्याच्या प्रमुखाची कार्यक्षमता वेगळी. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी २७ ऑक्टोबर रोजी जाहीरपणे सांगितले, तोवर आठ महिने उलटून गेले होते. त्या आठ महिन्यांत पणजीत काही कमी पत्रकार परिषदा झाल्या नाहीत.

खाणींचेही तेच. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे ठेवला गेला आणि बेकायदा खनिज उत्खननामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज त्यात वाचून लोकांनी डोळे विस्फारले. त्या आकड्यावर वाद झाले, होवोत. पण डिचोली, सांगे, केपे येथील रस्त्यांवरून खनिजाच्या ट्रकांची रांग दिवसरात्र धावत होती, ती काही बुरख्याआड नव्हे. शेतात लाल चिखल उतरत होता, विहिरी आटत होत्या. मुक्तीनंतरची पहिली मराठी आणि इंग्रजी दैनिके खाण उद्योजकांनी काढली, हे येथे कोणापासून लपलेले नाही. त्यांनी या भूमीत वृत्तपत्रसृष्टी उभी केली याचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की खाणींविषयीचा पहिला प्रश्न पत्रकार परिषदांत उशिरा आला, आणि दुसरा तर आलाच नाही.

हा दुसरा प्रश्नच आमच्या मते सर्व प्रकरणाचे मर्म आहे. पहिल्या प्रश्नाला प्रत्येक मुरब्बी पुढाऱ्याकडे तयार उत्तर असते. 'चौकशी चालू आहे', 'माहिती घेऊन सांगतो', 'कोणाचीही गय केली जाणार नाही.' ही पळवाट बंद होते ती उपप्रश्नाने: चौकशी कोण करीत आहे, केव्हा नेमली, अहवाल कधी? परंतु उपप्रश्नाची पाळी येईपर्यंत पलीकडचा वार्ताहर वेगळ्याच विषयाला हात घालतो आणि पुढारी सुटकेचा निःश्वास टाकतो. शेजाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, याची खंत त्याला नसते. त्याला आपली बातमी हवी असते.

जानेवारी २०१८ मध्ये हॉलंडातील हेग शहरी जे घडले ते या दृष्टीने मुद्दाम सांगण्याजोगे आहे. अमेरिकेचे नवे राजदूत पीट होएक्स्ट्रा यांची ती पहिलीच पत्रकार परिषद. नेदरलँड्समध्ये राजकारण्यांना जाळले जात आहे, असे अचाट विधान त्यांनी २०१५ साली केले होते. अशा एका तरी राजकारण्याचे नाव सांगा, असे एका पत्रकाराने विचारले. जुन्या गोष्टी उकरणार नाही, असे सांगून राजदूतांनी पुढचा प्रश्न मागितला. पुढच्या पत्रकाराने तोच प्रश्न विचारला. त्याच्या पुढच्यानेही तोच. हे नेदरलँड्स आहे, येथे प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, असे एकाने त्यांना बजावले. घोषणा नाही, सभात्याग नाही, काळ्या फिती नाहीत. निरनिराळ्या, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांच्या माणसांनी फक्त विषय बदलला नाही. थोड्याच दिवसांत राजदूतांनी आपल्या त्या विधानाबद्दल क्षमा मागितली.

असे आपल्याकडे घडावयाचे तर आमच्या व्यवसायालाही घर झाडावे लागेल. प्रश्नाच्या नावाखाली भाषण ठोकणारे वार्ताहर आमच्यात आहेत. विषयाची टाचणेही न वाचता येणारे आहेत. नेत्याला टाळी मिळावी म्हणून चेंडू नेमका त्याच्या बॅटवर टाकणारे आहेत, आणि अगोदरच प्रश्न कळवून ठेवणारेही आहेत. विनाकारण उर्मटपणा म्हणजे निर्भीडपणा, ही दूरचित्रवाणीने लावलेली खोड तर अगदी नवोदितांतही शिरली आहे. मंत्र्याला 'साहेब' म्हणून नमस्कार करावा, आणि मग हिशेब विचारावा. दोन्हींत विरोध नाही.

याच गोमंतकात सालाझारशाहीच्या काळी छापण्यापूर्वी मजकूर सरकारी तपासनिसापुढे ठेवावा लागे, आणि लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचे 'प्रकाश' १९३७ साली राज्यकर्त्यांनी बंद पाडले, हे नव्या पिढीच्या वार्ताहरांनी लक्षात ठेवलेले बरे. त्या काळी प्रश्न विचारण्यासाठी तुरुंगाची तयारी लागे. आज फार तर पुढच्या वेळचे आमंत्रण चुकेल, एखादी सरकारी जाहिरात हुकेल. जाहिरातीचे दुखणे लहान नाही, हे आम्ही जाणतो. लहान वृत्तपत्राची महिन्याची कागदाची बिले त्यावर भागतात. म्हणूनच जाहिरातींचे वाटप खपाच्या निकषावर व्हावे, मंत्र्याच्या मर्जीवर नव्हे, ही मागणी पत्रकार संघटनांनी निवेदनांच्या रतीबाबाहेर काढून विधानसभेपर्यंत नेली पाहिजे.

तोवर एक साधी गोष्ट राज्य सरकारने करावी. पत्रकार परिषदेच्या निमंत्रणात, किती वेळ निवेदन आणि किती वेळ प्रश्न, हे स्पष्ट लिहावे. प्रश्न घ्यावयाचे नसतील तर तसेही लिहावे आणि तिला पत्रकार परिषद म्हणू नये. अशा कार्यक्रमाचा मजकूर माहिती खात्याने टपालाने अथवा संगणकावरून पाठवला तरी चालेल. त्यातील जे लोकोपयोगी असेल ते आम्ही छापू. आमच्या वार्ताहराला त्या वेळात डिचोलीला जाऊन विहिरी पाहून येता येईल.