वाङ्निश्चयाचे छायाचित्र : एक प्रतिवाद

गेल्या मार्गशीर्षातील एका सायंकाळी आम्ही केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात बसलो होतो. समोर ओल्या वाळूवर एक तरुण जोडपे उभे होते, आणि एक छायाचित्रकार त्यांस “थोडे डावीकडे, आता चालत या” अशा आज्ञा सोडीत होता. साखरपुडा झालेला, लग्नास अद्याप महिन्याचा अवकाश. आमच्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी तो प्रकार पाहून सुस्कारा टाकला व म्हटले, “सारे आधीच आटोपले, आता अंतरपाट तरी कशाला धरायचा?” वडीलधाऱ्या माणसाशी वाळूवर बसून वाद घालणे प्रशस्त न वाटल्याने आम्ही त्या वेळी गप्प राहिलो. परंतु तोच प्रश्न आता ज्ञातिसभांच्या ठरावांतून ऐकू येऊ लागला आहे. भोपाळ येथील काही समाजसंस्थांनी २०१९ साली अशा छायाचित्रांवर बंदीच घातली, व महाराष्ट्रातही तशा बंदीची मागणी करणारी मंडळी निघाली आहेत. तेव्हा आता मौन सोडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

आमचे म्हणणे आरंभीच स्पष्ट सांगतो. वाङ्निश्चयानंतर व विवाहापूर्वी वधूवरांनी एकत्र छायाचित्र काढून घेण्याची जी चाल पडली आहे, ती बंदी घालण्याजोगी नसून उत्तेजन देण्याजोगी आहे. तीत आज जो भपका शिरला आहे तो निंद्य आहे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु भपक्यास शासन करण्याच्या भरात चालीचाच गळा घोटणे म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जाळणे होय.

आक्षेपकांस आम्ही प्रथम असे विचारतो की, विवाहापूर्वी छायाचित्र काढणे ही गोष्ट खरोखरच नवी आहे काय? छायाचित्रणाची विद्या पॅरिसमध्ये १८३९ साली प्रकट झाली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची सोसायटी निघाली, व डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. पुढे ही विद्या मध्यमवर्गाच्या घरांत आली ती बहुतांशी विवाहाचाच हात धरून. मात्र ते छायाचित्र दोघांचे नव्हते. ते एकट्या मुलीचे होते. ‘मुलीचा फोटो पाठवा’ ह्या तीन शब्दांनी आमच्या किती घरांची झोप उडवली असेल, ह्याचा हिशेब कोणी मांडला आहे काय?

बोईसरच्या एका परिचित घरी आम्ही असे एक छायाचित्र पाहिले. मागे रंगवलेल्या पडद्यावर महाल व कारंजे. पुढे खुर्चीवर एक मुलगी, हात गुडघ्यांवर, दृष्टी कोणीतरी सांगितलेल्या जागी खिळलेली. पाठीमागे शिसपेन्सिलीने उंची, शिक्षण व ‘वर्ण निमगोरा’ असे टिपलेले. ते छायाचित्र सात घरी जाऊन परत आले होते, व प्रत्येक फेरीगणिक त्याचे कोपरे झिजले होते. आठव्या घरी जुळले. ती बाई आज आजी झाली आहे. ते छायाचित्र तिने फाडले नाही, पण नातीच्या साखरपुड्यानंतर घरात ‘फोटो काढायचे की नाही’ हा वाद निघाला, तेव्हा तिने ते पेटीतून काढून सर्वांपुढे ठेवले आणि इतकेच म्हटले, “हे चालले, मग ते का चालत नाही?” आमच्या मते ह्या प्रश्नात सारा वाद आला. मुलगी एकटी परीक्षेस बसली तेव्हा कोणाचा धर्म बुडाला नाही. मुलगा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, तिच्याइतकाच संकोचला, तिच्याबरोबरच छायाचित्रकाराची बोलणी खाऊ लागला, आणि लगेच संस्कृतीवर गदा आली! बंदीचे ठराव करणाऱ्यांनी ह्या विसंगतीचे उत्तर द्यावे.

आता अंतरपाटाविषयी. अंतरपाट हे दोघांच्या पूर्वीच्या अपरिचयाचे प्रमाणपत्र नव्हे. तो एका क्षणाची मर्यादा आहे. तो दूर होताच जे पाहणे घडते ते समाजाच्या साक्षीने घडते, हे त्याचे महत्त्व. पूर्वी एकमेकांस पाहिलेल्यांनी तो धरू नये, असे म्हटल्यास गेल्या दोन पिढ्यांतील बहुतेक विवाह बाद करावे लागतील. आणि चित्र व विवाह ह्यांचे वैर मानणाऱ्यांनी भासाचे ‘स्वप्नवासवदत्त’ एकदा पुन्हा उघडावे. उदयन वासवदत्तेस घेऊन उज्जयिनीहून निघून गेला, तेव्हा राहिलेला विवाहविधी तिच्या आईबापांनी दोघांची चित्रे फलकावर काढवून त्या चित्रांवर उरकला. पुढे सहाव्या अंकात तोच चित्रफलक राजापुढे येतो, आणि त्यातील मुखावरूनच अज्ञातवासात असलेल्या वासवदत्तेची ओळख पटते. जोडप्याच्या चित्राचे दोन्ही उपयोग, संबंधाची साक्ष देणे व माणसाची ओळख पटवणे, आमच्या एका श्रेष्ठ नाटककाराने त्या काळीच जाणले होते.

हे दोन्ही उपयोग आज पालघर-बोईसर भागात विशेष निकडीचे झाले आहेत. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, आणि देशाच्या नाना प्रांतांतील कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली. २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. ह्या सर्वांचा परिणाम विवाहावर झाला आहे. वर कारखान्यात रात्रपाळीला. वधू पहाटेच्या गाडीने मुंबईस नोकरीवर. पूर्वी एका गावात, एका आळीत पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती आपोआप मिळे. आता दोन घरांची ओळख एका दूरध्वनीवर होते व विवाह तीन महिन्यांत उरकतो. दोघांस एकमेकांशी निवांत बोलण्यास दिवस तो कोठून मिळावा? जुन्या वळणाच्या घरात ‘दोघे बोलण्यासाठी बाहेर जात आहेत’ हे सांगण्यास संकोच वाटतो; ‘फोटोसाठी जात आहेत’ म्हटले की आईच डबा भरून देते!

आणि तो दिवस खरोखर बोलण्याचाच असतो. छायाचित्रणाचे काम पाऊण वेळ वाट पाहण्याचे आहे. ऊन उतरण्याची वाट, ओहोटीची वाट, माणसांची वर्दळ ओसरण्याची वाट. ह्या वाट पाहण्यात घरावरील कर्ज, आईचे दुखणे, लग्नानंतर नोकरी टिकवण्याचा विचार, अशा ज्या गोष्टी बैठकीत पोह्यांच्या बशीआडून निघत नाहीत, त्या निघतात. तो चहा देणाऱ्या पोराशी कसा बोलतो, चप्पल वाळूत रुतली असता ती चिडते की हसते, हे दोघांस दिसते. पत्रिकेतील छत्तीस गुण जुळवणाऱ्यांनी ह्या सदतिसाव्याचे भय बाळगावे, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

लौकिक उपयोग थोडक्यात सांगतो. लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या, होमाचा धूर, घाम व आहेराची रांग ह्यांत दोघांचे मुख धड दिसेल असे चित्र क्वचितच निघते. ते आधीच्या निवांतपणी निघते. लाजाळू माणसाची कॅमेऱ्याशी दोस्ती होते. शिवाय पालघर-बोईसरच्या होतकरू छायाचित्रकारांस काम मिळते, हाही लाभ उपेक्षणीय नाही.

आक्षेपकांचा सर्वांत वजनदार मुद्दा असा की, ठरलेले लग्न मोडले तर ह्या चित्रांचे काय? मुलीचे नाव खराब होते. ह्या भीतीतील दुःख आम्ही जाणतो. परंतु नाव ‘मुलीचेच’ खराब का होते, मुलाचे का नाही? हा डाग चित्राने लावलेला नाही. पाहणाऱ्यांच्या दृष्टीने लावलेला आहे. दोष दृष्टीत असता आरसा फोडण्यात काय हशील? आणि त्या एका दिवसाच्या सहवासात जर दोघांस कळून चुकले की आपले जमणार नाही, तर पुढील जन्माची फरफट टाळणारा तो दिवस उपकारकच म्हणावा. उपाय अवघड नाही. विवाह होईतो ही चित्रे दोघांच्या व दोन घरांच्याच ताब्यात असावीत, जगापुढे मांडू नयेत. संबंध मोडल्यास अंगठी व साडी परत करण्याची रीत आहे. तशीच दोन्ही घरांनी चित्रे पुसून टाकण्याची रीत पाडावी.

एवढे सांगितल्यावर आम्ही भपक्याकडे वळतो. कारण चालीचे खरे शत्रू तिचे निंदक नव्हेत, तिचे दलाल आहेत. भाड्याचे झगे, रंगीत धूर, डोक्यावर घोंघावणारे यंत्र, परदेशी रस्त्याचा खोटा देखावा, आणि मग मंगल कार्यालयात भल्या मोठ्या पडद्यावर त्याची प्रदर्शनी! ह्याचा खर्च कोण देतो? पुष्कळदा वधूपिता. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. ‘आमच्याकडे प्री-वेडिंग लागते’ अशी वरपक्षाची मागणी म्हणजे त्याच हुंड्याने घेतलेले नवे नाव आहे. येथे बंदी हवी असेल तर आम्ही ठरावावर पहिली सही करू.

खरे विवाहचित्र कसे असावे, हे शिकण्यास पालघरच्या माणसास दूर जाण्याचे कारण नाही. ह्याच जिल्ह्यातील वारली समाजात लग्नाचा चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो लिहितात. मध्ये पालघट देवी, भोवती झाडे, पशुपक्षी, नाचणारी माणसे. धवलेरी गाणी म्हणते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांनी ही कला जगापुढे नेली व २०११ साली ते पद्मश्री झाले; परंतु चौक जगासाठी नव्हता, घरासाठी होता. त्या चित्रात नवरानवरी लहान आहेत, आणि त्यांच्याभोवती सारे गाव आहे. आजच्या चित्रात दोघे अवाढव्य, आणि गाव नाहीसे!

ते गाव चित्रात असावे, ह्याला एक कठोर कारण आहे. तारापूर केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली. ते संच २००५ व २००६ साली सुरू झाले. तेथील ज्या घरी जुन्या अंगणातील, दारच्या झाडाखालील एखादे छायाचित्र उरले असेल, त्या घरी त्याचे मोल काय असेल, हे आम्ही सांगावयास नको. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची कोनशिला बसली. हा किनारा उद्या कोणत्या रूपात राहील, हे कोण सांगू शकेल? तेव्हा आपल्या चिंचणीच्या वाळूवर, आपल्या केळव्याच्या पानमळ्यात, आपल्या ओट्यावर, आपल्याच कपड्यांत चित्र काढून घ्यावे. चार चित्रांत आईवडील व आजीही उभी राहावी. खर्च दोन्ही घरांनी निम्मा उचलावा.

आणि ज्ञातिसभांच्या अध्यक्षांस आमची एक नम्र सूचना आहे. दोघांच्या एकत्र छायाचित्राविरुद्ध ठराव मांडण्यापूर्वी त्यांनी आणखी एक ठराव मांडावा: ‘ह्यापुढे मुलाचे छायाचित्र, उंची, वर्ण व शिक्षण ह्यांसह, प्रथम मुलीच्या घरी पाठविल्याशिवाय तिचे छायाचित्र कोणीही मागू नये.’ तो जेथे एकमताने मंजूर होईल, तेथील मंडळींशी दुसऱ्या ठरावाविषयी बोलण्यास आम्ही अवश्य येऊ.