अंड्याला कसला आलाय मजहब?

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दरवर्षीचा तोच मेसेज पुन्हा फिरू लागतो. नाताळच्या शुभेच्छा देऊ नका, ख्रिस्ती लोकांच्या घरचं काही खाऊ नका, ईमान जाईल. मेसेज कुणी लिहिला हे कुणालाच ठाऊक नसतं. खाली कुण्या आलिमचं नाव नसतं, कुठल्या किताबचा हवाला नसतो. तरी तो अमरावतीहून अकोल्याला आणि अकोल्याहून अमरावतीला असा दहा वेळा जाऊन येतो. गेल्या वर्षी मी त्या मेसेजखाली एका पदार्थाची कृती टाकली. अंडी उकडायची, उभी चिरायची, बलक काढून त्यात मोहरी-मिरी कालवायची आणि ते सारण पांढऱ्या वाट्यांत परत भरायचं. इंग्रजीत त्याला डेव्हिल्ड एग्ज म्हणतात. नाताळच्या जेवणाआधी तोंडात टाकायला म्हणून मी ती अकोल्याला माझ्या बीएडच्या मैत्रिणीच्या घरी दरवर्षी करून नेते, हेही लिहिलं.

झालं! पहिलं उत्तर आलं, "आपा, नाव तरी बघा, शैतानाची अंडी!" दुसरं खास वऱ्हाडी होतं, "काहून बापा हे असं खाता?" तिसऱ्याने काही न लिहिता कानाला हात लावलेलं चित्र टाकलं.

तर आधी त्या शैतानाचा निकाल लावू. इंग्लंडच्या स्वयंपाकघरात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून 'डेव्हिल' करणं म्हणजे पदार्थ झणझणीत करणं, मिरी-मोहरीचा मारा करणं. एवढाच अर्थ. आपण नाही का, ठेचा खाऊन 'जाळ आहे' म्हणतो! गंमत म्हणजे या नावाने अमेरिकेतले काही धार्मिक ख्रिस्ती स्वतःच बिचकतात. चर्चच्या जेवणाला हीच अंडी नेताना ते त्यांना 'भरलेली अंडी' म्हणतात. म्हणजे घाबरण्यातही आपण एकटे नाही. आणि पदार्थ मुळात कुठला? तेराव्या शतकातल्या अंदालूसमध्ये, म्हणजे मुसलमानांच्या स्पेनमध्ये लिहिलेलं एक अरबी पाकपुस्तक आहे. लेखकाचं नाव त्यावर नाही. त्यात भरलेल्या अंड्यांची कृती आहे: उकडलेल्या अंड्यांचे बलक कोथिंबीर, कांद्याचा रस, मिरी आणि धणे घालून कुटायचे, तेल, मीठ आणि मुर्री नावाचा आंबवलेला रस घालून फेटायचे, पांढऱ्यात भरायचे, दोन अर्धी काडीने जोडायची. ज्या अंड्याला आमच्या ग्रुपवर शैतानाचं म्हणून हाकललं, तशीच अंडी सातशे वर्षांपूर्वी कुर्तुबा-इशबीलियाच्या मुलुखात कलमा पढणाऱ्यांच्या दस्तरख्वानावर मांडली जात होती. आपल्या नर्गिसी कोफ्त्यात आपण अंड्याला खिम्यात गुंडाळतो. इथे मसाला अंड्यात जातो. फरक तेवढाच.

आता हलाल-हरामचं बोलू, कारण खरी धास्ती तिथे आहे असं सांगितलं जातं. अंड्याला सुरी लागत नाही. जबीहा कुणी केला, बिस्मिल्लाह म्हटलं की नाही, हलाल की झटका, यातला एकही प्रश्न अंड्यापाशी उभा राहत नाही. कोंबडी हलाल, तर तिचं अंडं हलाल. मग ती कुणाच्या खुराड्यातली का असेना. सिरक्याची तर हदीसमध्ये तारीफ आहे. अमेरिकेत वरून डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे टाकतात, ते आपल्याला चालत नाहीत, विषय संपला. अकोल्यात ते कुणी टाकतही नाही. आणि अहले-किताबचं अन्न आपल्याला हलाल आहे, हे मी सांगत नाही, सूरह माइदाची पाचवी आयत सांगते.

माइदा या शब्दाचा अर्थ काय, हे मी वर्गात मुलांना नेहमी विचारते. मांडलेला दस्तरख्वान! सूरहला ते नाव का पडलं? हजरत ईसांच्या हवारींनी त्यांच्याकडे आसमानातून दस्तरख्वान मागितला आणि ईसांनी दुआ केली, की तो आमच्या पहिल्यांसाठी आणि शेवटच्यांसाठी ईद ठरो. सगळ्या कुरआनात 'ईद' हा शब्द एकदाच येतो, तो इथे. ईसांच्या तोंडी, जेवणाच्या संदर्भात. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी ही सूरह अर्थासह वाचली आहे, असा प्रश्न मी ग्रुपवर टाकला होता. त्यावर मात्र कुणी चित्र टाकलं नाही.

शुभेच्छांच्या बाबतीत उलेमांत मतभेद आहेत, ते मी नाकारत नाही. काही जण मनाई करतात, तशब्बुहचा, म्हणजे दुसऱ्यांची नक्कल करण्याचा, मुद्दा मांडतात. मिस्रच्या दार-उल-इफ्ताने नाताळच्या शुभेच्छा द्यायला हरकत नाही असं म्हटलेलं आहे. ज्यांना पहिलं मत पटतं त्यांनी ते पाळावं, माझं भांडण त्यांच्याशी नाही. पण नक्कल कशाची होते आहे ते तरी बघा. डेव्हिल्ड एग्ज ही काही इबादत नाही. तीच अंडी अमेरिकेत ईस्टरला असतात, ४ जुलैच्या सहलीला असतात, कुणाच्या घरी मयत झाली तरी शेजारी नेऊन देतात. मैत्रिणीच्या घरी मी ना प्रार्थना म्हणते, ना मेणबत्ती लावते. तिच्या आईच्या पाया पडत नाही, तब्येत विचारते. ताटातलं खाते, आणि असर झाली की तिच्याच आतल्या खोलीत नमाज पढते. जानमाज ती स्वतः काढून देते. सीरतच्या पुस्तकांत नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाची हकीकत येते. ते मदीनेला आले तेव्हा रसूलुल्लाहनी त्यांना आपल्या मशिदीत उतरवलं आणि त्यांच्या नमाजेची वेळ झाली तेव्हा तिथेच ती पढू दिली. आम्हाला मात्र एका वाटीभर बलकाचा धोका वाटतो.

वऱ्हाडातले ख्रिस्ती आहेत तरी किती? मूठभर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अलायन्स मिशनचे अमेरिकन लोक अकोल्यात राहिले. अकोला, खामगाव, अमरावतीत त्यांच्या मंडळ्या झाल्या. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ सालचा. आज ही माणसं शाळांत शिकवतात, दवाखान्यांत नर्स आहेत, आपल्यासारखीच वऱ्हाडी बोलतात, आणि अलीकडे आपल्यासारखीच दबकून राहतात. सणाला आपल्या घरी कोण येईल, ही धाकधूक त्यांनाही असते. माझी मैत्रीण मांसाचे पदार्थ मागाहून आणते, आधी अंड्याचं ताट फिरवते. तिच्या पाहुण्यांत आम्ही असतो, समोरचं बौद्ध कुटुंब असतं, तिच्या शाळेतले कुणबी सर असतात. ज्या ताटापुढे कुणालाच कुणाला काही विचारावं लागत नाही असं ते एकच ताट आहे, म्हणून ती ते निवडते. त्या ताटाला नाही म्हणायचं म्हणजे काय, ते जरा आठवून बघा. ईदला आपण शीरखुर्म्याची वाटी शेजारी पाठवतो आणि ती झाकणासकट परत येते, तेव्हा आपल्याला कसं वाटतं? तेव्हा आपण चार दिवस त्यावर बोलतो. मग डिसेंबरात आपणच झाकण लावून परत पाठवायचं?

अंड्यावरून माणूस ओळखणं काय असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी अमरावतीत भाड्याने घर शोधत होते. एका घरमालकाने नाव विचारण्याआधी विचारलं, "तुमच्यात अंडं चालते का?" मी म्हटलं, चालतं. "मग जमणार नाही, ताई." नाव, जात, धर्म काही विचारावं लागलं नाही. अंड्याने काम केलं. असा अनुभव या ब्लॉगच्या निम्म्याअधिक वाचकांना असेल. म्हणूनच मला चीड येते. बाहेर अंडं आपल्याला हाकलायला वापरतात, आणि आत आपण तेच अंडं शेजाऱ्याला हाकलायला वापरतो. दोन्हीकडचे लोक एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण अंड्यापाशी त्यांचं एकमत आहे.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे या एकमताचा फटका कुणाला बसतो ते मला रोज दिसतं. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं. अंड्याच्या दिवशी आमच्या वर्गात मागचे बाक भरलेले असायचे. लगेच विरोध सुरू झाला. जानेवारी २०२४मध्ये नवा आदेश आला: ज्या शाळेत ४० टक्के पालकांचा विरोध असेल तिथे अंडं द्यायचं नाही. आणि मुलांच्या ओळखपत्रावर लाल-हिरवा ठिपका! बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसला ठिपका, तो पोरांच्या गळ्यात. पुढे जानेवारी २०२५मध्ये सरकारने अंड्याचे पैसेच बंद केले. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणाले. तिकडे तामिळनाडूत मुलांना शाळेत आठवड्याला पाच अंडी मिळतात. कर्नाटकात अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशांतून सहा दिवस अंडं देण्याची सोय झाली आहे. आपल्याच जिल्ह्यात मेळघाटच्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून लहानग्यांना अंडं देतात, कारण कुपोषणापुढे सोवळं टिकत नाही हे सरकारलाही कळतं. त्या योजनेला नाव डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचं आहे. कलाम स्वतः शाकाहारी होते. त्यांच्या नावाने अंडं दिल्यावर त्यांचं काही बिघडलं, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. ज्या घरात महिन्यातून एकदा मटण येतं त्या घरातल्या पोरासाठी हे फार आहे. ते अंडं ताटातून गेलं तेव्हा आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला नाही. एकही! सगळी ताकद आम्ही नाताळच्या केकसाठी राखून ठेवली होती.

ज्यांना करून बघायची आहेत त्यांच्यासाठी कृती नीट लिहिते, कारण ग्रुपवरच्या गोंधळात ती हरवली. अंडी ताजी घेऊ नका, आठवडाभर जुनी बरी, सोलताना टरफलाबरोबर पांढरं निघत नाही. आदल्या रात्री आडवी ठेवली तर बलक मधोमध येतो. उकळत्या पाण्यात अकरा-बारा मिनिटं, मग लगेच गार पाणी. जास्त उकडलीत तर बलकाभोवती हिरवट कडं धरतं. बाजारच्या मेयॉनेजच्या भानगडीत मी पडत नाही. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर हिरवा ठिपका असतो, म्हणजे त्यात अंडंच नसतं. बिनअंड्याचं मेयॉनेज अंड्यात भरायचं, हे आपल्याच देशात सुचू शकतं. मी घरी दही टांगून चक्का करते. सहा अंड्यांच्या बलकाला तीन चमचे चक्का, चमचाभर भिजवून वाटलेली मोहरी, मिरपूड, मीठ, थोडा सिरका किंवा लिंबू, एक बारीक चिरलेली हिरवी मिरची. सारण प्लास्टिकच्या पिशवीत भरून कोपरा कापायचा, मेंदीच्या कोनासारखा. माझी भाची मेंदी सुंदर काढते, तिच्या हातची अंडी बेकरीतली वाटतात. वरून काश्मिरी मिरचीची चिमूट आणि कोथिंबिरीचं एक पान. लाल, हिरवं, पांढरं. नाताळचे रंग आयतेच जमतात. प्रवासात न्यायची असतील तर वाट्या एका डब्यात, सारण दुसऱ्यात, आणि भरायचं पोचल्यावर. बडनेरा ते अकोला गाडीत भरलेली अंडी कशी दिसायला लागतात ते सांगण्यासारखं नाही.

आणि नाताळची अंडी करताना एक हिशेब तेवढा करा. अंडं सात रुपयांना धरलं तर ८० मुलांच्या शाळेला एका दिवसाचे ५६० रुपये लागतात, महिन्याचे चार आठवडे धरले तर २,२४०. आपल्या मोहल्ल्यातल्या एका वलीम्यात यापेक्षा जास्त बिर्याणी वाया जाते. सरकारने लोकसहभाग म्हटलंय ना, मग आपण सहभागी होऊ. नफली सदक्याला मुलाचा मजहब विचारावा लागत नाही, त्यामुळे फक्त उर्दू शाळाच कशाला, शेजारची मराठी शाळाही घ्या. माझ्या मैत्रिणीच्या मंडळीतल्या काही जणांनी अकोल्यातल्या एका शाळेची तयारी दाखवली आहे. अमरावतीत आपण एक घेऊ. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालक म्हणून हा विषय मांडा, ठराव लिहून घ्या, न खाणाऱ्या मुलांसाठी केळी ठेवा, आणि ओळखपत्रावर ठिपका नको हे त्याच ठरावात घाला.