आधी लेन्स, मग कॅमेरा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर कॅमेऱ्याच्या दुकानात एक संवाद हमखास ऐकू येतो. जुन्या कॅमेऱ्यावर चार-पाच वर्षे हात बसलेला एखादा हौशी छायाचित्रकार विचारतो, ‘आता फुल-फ्रेमवर जावं का?’ पलीकडून उत्तर येते, ‘कधीतरी जाणारच आहात, मग आत्ताच जा.’ लाख-दीड लाखाची बॉडी आणि तिच्यासोबत मिळणारी स्वस्तातली झूम लेन्स घेऊन तो घरी जातो. वर्षभराने कॅमेरा कपाटात असतो आणि सहलीचे फोटो मोबाइलवर काढलेले असतात. पैसे अडकतात, आणि चांगली जोपासलेली हौसही विझते. यात दोष फुल-फ्रेमचा नसतो. खरेदीचा क्रम चुकलेला असतो.

‘फुल-फ्रेम’ या नावामुळे बाकीचे सेन्सर अपुरे आहेत असे वाटू लागते. प्रत्यक्षात हे फक्त एक माप आहे: ३६ बाय २४ मिलिमीटर. सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी धरून तिच्यावर दुप्पट आकाराची चौकट टिपण्याची युक्ती ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञाने वापरली आणि १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. तेच माप पुढे रूढ झाले. आरसा काढून टाकलेले, म्हणजे मिररलेस, कॅमेरे त्याच मापात आणण्याची सुरुवात सोनीने २०१३ मध्ये ए-७ मालिकेने केली. निकॉन आणि कॅनन २०१८ मध्ये त्या वाटेवर आले. आरसा गेल्याने लेन्स सेन्सरच्या जवळ आली. निकॉनमध्ये लेन्स बसण्याची जागा आणि सेन्सर यांतील अंतर ४६.५ मिमीवरून १६ मिमीवर आले. बॉडी सडपातळ झाली, पण सेन्सरचे माप तेच राहिले आणि त्याला पुरेसा प्रकाश देणारी लेन्सही जवळपास तेवढीच जड राहिली. जाहिरातीत दिसतो तो सडपातळपणा बॉडीचा असतो.

मोठ्या सेन्सरचा फायदा मात्र खरा आहे आणि त्यामागे साधे गणित आहे. प्रकाश फोटॉनच्या कणांनी येतो, आणि पावसाच्या थेंबांसारखे हे कण कमी-अधिक पडतात. सरासरी दहा हजार फोटॉन जमा होत असतील, तर त्यातला चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाइतका, म्हणजे शंभराचा असतो. तो फक्त एक टक्का झाला. शंभरच फोटॉन मिळाले तर चढउतार दहाचा, म्हणजे तब्बल दहा टक्के. अंधाऱ्या फोटोत दिसणारी रवाळ खरखर बहुतांशी याच चढउताराची असते. म्हणून जितका जास्त प्रकाश गोळा होईल, तितके चित्र स्वच्छ.

आता आकडे पाहू. फुल-फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी. हौशी कॅमेऱ्यांत सर्रास आढळणाऱ्या एपीएस-सी सेन्सरचे सुमारे ३६७. म्हणजे फुल-फ्रेमला साधारण २.३५ पट प्रकाश मिळतो. छायाचित्रकारांच्या भाषेत सव्वा स्टॉप. पण हे दोन्हीकडे एफ क्रमांक सारखाच असेल तर. एफ क्रमांक जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे आणि प्रकाश जास्त. फुल-फ्रेम बॉडीसोबत मिळणाऱ्या अनेक स्वस्त झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ/६.३ किंवा त्याहून मिणमिणत्या होतात. याउलट एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी एफ/२.८ ची, तीनशे ग्रॅमच्या आतबाहेरची झूम मिळते. हिशेब केला तर त्या टोकाला या लहान सेन्सरवर मोठ्या सेन्सरच्या दुपटीहून थोडा अधिक प्रकाश पडतो. म्हणजे ज्या प्रकाशासाठी लाखभर रुपये मोजले, तो लेन्सनेच अडवला. बॉडीवर सगळे अंदाजपत्रक संपवून लेन्ससाठी ‘पुढे बघू’ म्हणणे हा म्हणूनच सर्वांत महागडा निर्णय ठरतो.

त्यामुळे पहिला प्रश्न ‘कोणता कॅमेरा’ हा नसावा. ‘कशाचे फोटो’ हा असावा. रात्रीचे आकाश, रंगमंचावरील नाटक किंवा नृत्य, समईच्या उजेडातला गाभारा, लग्नघरातील संध्याकाळ, मागची पार्श्वभूमी विरघळवणारी व्यक्तिचित्रे हा ज्याचा विषय आहे, त्याला फुल-फ्रेम खरोखर उपयोगी पडते. त्याने एफ/१.८ ची एक स्थिर फोकल लांबीची लेन्स आधी निवडावी आणि उरलेल्या पैशांत बसेल ती बॉडी घ्यावी, मग ती मागच्या पिढीची का असेना. अशा ५० मिमीच्या काही लेन्स दोनशे ग्रॅमच्याही आत आहेत.

कासच्या पठारावरील इवल्या फुलांचे जवळून फोटो काढणाऱ्याचे गणित वेगळे. तिथे फूल पुढून मागपर्यंत स्पष्ट दिसायला हवे, म्हणून छिद्र लहान करावे लागते, आणि मोठ्या सेन्सरवर तर आणखीच लहान. फुल-फ्रेमवर एफ/१२ च्या आसपास जेवढी खोली मिळते, तेवढी एपीएस-सीवर एफ/८ ला मिळते. शटरचा वेग सारखा ठेवला, तर दोन्हीकडे एकूण प्रकाशही जवळपास सारखाच पडतो. भिगवणला रोहित पक्षी टिपणाऱ्याचेही तसेच. लेन्स ४०० मिमीचीच असेल, तर सेन्सरवर पडणारी पक्ष्याची प्रतिमा दोन्ही कॅमेऱ्यांत तेवढीच. फुल-फ्रेम फक्त भोवतीचे पाणी जास्त टिपते. ते कापून टाकले की २४ मेगापिक्सेलचे साधारण दहाच उरतात.

मेगापिक्सेलचा मोहही इथेच आवरायला हवा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० बिंदूंचा असतो. इंचाला ३०० बिंदू या उत्तम दर्जाने छापला, तर तो वीस इंच रुंद छापता येतो. फोर-के टीव्हीचा पडदा सव्वाआठ मेगापिक्सेलचा. ज्याचे फोटो मोबाइलवर आणि टीव्हीवर पाहिले जातात, त्याने ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यासाठी, वाढीव कार्डांसाठी आणि भरून जाणाऱ्या हार्ड डिस्कसाठी का पैसे मोजावेत?

दुकानात न विचारला जाणारा प्रश्न वजनाचा आहे. फुल-फ्रेम बॉडी साधारण साडेचारशे ते साडेसातशे ग्रॅमची. तिला एफ/२.८ ची ७०-२०० मिमी लेन्स लावली की आणखी किलोभर. सोबत एक मध्यम झूम घेतली तर बॅगेत अडीच किलो झाले. पाणी, डबा, तिपाई वेगळी. पंचविशीत हे जाणवत नाही. पन्नाशीत नव्याने हौस जोपासणाऱ्याला, विशेषतः मानेचे किंवा खांद्याचे दुखणे असणाऱ्याला, गडाच्या निम्म्या वाटेतच ते जाणवते. गळ्यात अडकवलेल्या पट्ट्याचा भार मान आणि खांदे तासन्‌तास पेलतात. तो दोन्ही खांद्यांवर वाटणारा पट्टा किंवा कंबरपट्ट्याची बॅग वापरली तर त्रास कमी होतो, पण वजन नाहीसे होत नाही. जो कॅमेरा सोबत नेण्याआधी दोनदा विचार करावा लागतो, तो हळूहळू घरीच राहू लागतो.

दुसरा न विचारलेला प्रश्न माउंटचा, म्हणजे लेन्स जोडण्याच्या रचनेचा. बॉडी पाच-सात वर्षांत बदलली जाते. लेन्स पंधरा-वीस वर्षेही टिकतात. त्यामुळे कंपनी निवडणे म्हणजे तिच्या लेन्सच्या घराण्यात सामील होणे. सोनीने आपल्या ई-माउंटची तांत्रिक माहिती २०११ मध्येच इतर उत्पादकांना खुली केली, म्हणून तिथे वेगवेगळ्या किमतींच्या लेन्स भरपूर आहेत. कॅननने आरएफ माउंट बराच काळ राखून ठेवला आणि सिग्मा, टॅमरॉन यांना २०२४ मध्ये वाट दिली, तीही एपीएस-सीच्या लेन्सपासून. यातून कोणती कंपनी श्रेष्ठ हे ठरत नाही. पण पाच वर्षांनी लागणारी लेन्स कितीला मिळेल, हे आजच पाहून घ्यावे.

आणि महाराष्ट्रात राहणाऱ्याने पावसाळा विसरू नये. कोकणात, मुंबईत किंवा घाटमाथ्यावर दमट हवेत महिनोन्‌महिने बंद बॅगेत पडलेल्या लेन्सच्या आत बुरशीचे जाळे पसरते. ती काचेवरचा लेप खाऊ लागली की साफ करूनही डाग राहतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणारी पेटी किंवा किमान हवाबंद डबा आणि वेळोवेळी वाळवलेले सिलिका जेल हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरायला हवा. जुनी लेन्स घेताना आरपार टॉर्च मारून पाहावी, ती याचसाठी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नव्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यांत डोळा ओळखून फोकस धरणारी यंत्रणा आणि सेन्सर हलवून हाताची थरथर सावरणारी सोय असते, त्याचे काय? या सोयी मोलाच्या आहेत, पण त्या फुल-फ्रेमची मक्तेदारी नाहीत. अनेक एपीएस-सी कॅमेऱ्यांतही त्या मिळतात. शिवाय थरथर सावरणारी यंत्रणा छायाचित्रकाराचा हात स्थिर करते, कीर्तनकाराचा नाही. तिथे शटरचा वेग लागतो, वेगासाठी प्रकाश लागतो आणि प्रकाश लेन्समधूनच येतो.

खरेदीआधीची खात्रीची चाचणी स्वस्त आहे. पुण्या-मुंबईत कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. मनात असलेली बॉडी आणि नेमकी लेन्स दोन दिवस आणावी. एक दिवस नेहमीच्या जागी, नेहमीच्या विषयाचे, नेहमीच्या वेळी फोटो काढावेत. दुसऱ्या दिवशी तोच संच दिवसभर खांद्यावर वागवावा. घरी आल्यावर जुन्या कॅमेऱ्याचे फोटो शेजारी ठेवून ज्या आकाराचे पाहायचे त्याच आकारात पाहावेत. फरक घरच्यांनाही न सांगता दिसला आणि खांदा तक्रार करत नसेल, तर फुल-फ्रेम खुशाल घ्यावी. दिसला नाही, तर ते पैसे चांगल्या लेन्सवर आणि ती घेऊन फिरण्यावर खर्च करावेत.