वेशीपुरता कायदा

मुलीकडे ओहायोत मुक्काम असताना शेजारच्या आजीबाई एका पेचात सापडल्या होत्या. यजमानांच्या पश्चात घरात पडून राहिलेली शिकारीची रायफल त्यांना विकायची होती. गिऱ्हाइके दोन. एक यजमानांचा तीस वर्षांचा शिकारीतला सोबती, आता मोंटानात स्थायिक झालेला. दुसरा ओहायोतलाच, दोन तासांवरच्या गावचा, जाहिरात वाचून फोन करणारा अनोळखी इसम. 'यातले सोपे कोणते?' असे त्यांनी विचारले. मी अर्थातच मित्राचे नाव घेतले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'कायद्याला तसे वाटत नाही.'

मी कुतूहलाने चौकशी केली आणि चक्रावलो. 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार अमेरिकेत खासगी माणसाला आपले शस्त्र परराज्यातल्या खासगी माणसाला परस्पर विकता येत नाही. ते गिऱ्हाइकाच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे गेले पाहिजे. रायफल टपालानेही पाठवता येते. पण पत्ता परवानाधारकाचाच हवा. तिथे गिऱ्हाइकाने ओळखपत्र दाखवायचे आणि 4473 क्रमांकाचा फॉर्म भरायचा. मग 1998 पासून सुरू असलेल्या केंद्रीय यंत्रणेकडून त्याची पार्श्वभूमी तपासली जाते. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला, घरच्या माणसांना मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेला, असा कोणी निघाला तर व्यवहार तिथेच संपतो.

आणि तो दोन तासांवरचा अनोळखी इसम? त्याने रोख पैसे द्यावेत, रायफल गाडीत टाकावी आणि निघून जावे. विकणाऱ्याला तो अपात्र असल्याचे ठाऊक नसावे, तसा संशय घेण्यास कारण नसावे, एवढीच केंद्रीय कायद्याची अट. विचारलेच नाही तर कळणार कसे, हा प्रश्न कायदा विचारत नाही. ओळखीच्याची झडती आणि अनोळख्याला मोकळी वाट!

या विसंगतीचे मूळ इतिहासात आहे. मार्च 1963 मध्ये ली हार्वे ओस्वाल्डने मासिकातले कूपन भरून, खोट्या नावाने, शिकागोच्या दुकानातून एक रायफल मागवली. पोस्टेजसह किंमत 21 डॉलर 45 सेंट. ती डॅलसच्या टपालपेटीच्या पत्त्यावर पोचली आणि नोव्हेंबरात अध्यक्ष केनेडींचा बळी घेऊन गेली. तरीही कायदा व्हायला पाच वर्षे आणि आणखी दोन हत्या लागल्या: एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी. ऑक्टोबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. ज्या दाराने चोर आला, ते दार बंद झाले. शेजारचे उघडेच राहिले.

त्याची किंमत पोलीस मोजतात. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या केंद्रातून काढला जातो. कारखान्यापासून ठोक व्यापारी, तिथून दुकानदार, तिथून पहिला ग्राहक. पुढे ती दारातल्या दारात विकली गेली असेल, तर कागदाचा धागा तिथेच तुटतो.

बंदूकधारकांचे म्हणणेही मी ऐकले आहे. आज तपासणी, उद्या यादी, परवा जप्ती, ही त्यांची भीती. ती वेडगळ म्हणून उडवून लावणे बरे नव्हे. बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही करायची नाही, असे 1986 चा कायदाच सांगतो. पण तपासणी म्हणजे नोंदवही नव्हे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कोलोरॅडो यांसारख्या राज्यांनी राज्यातल्या खासगी विक्रीलाही तपासणी लागू केली आहे. तिथल्या शिकाऱ्यांच्या बंदुका काही कोणी काढून नेल्या नाहीत.

आपल्याकडे गोष्ट निराळी. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारकाला आपली बंदूक दुसऱ्या पात्र माणसाला विकायची, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीतले असले तरीही! अर्थात गावठी कट्ट्यांच्या बातम्या रोज वाचणाऱ्या आपण फुशारकी मारू नये. पण प्रश्न तरी आपल्या कायद्याने बरोबर विचारला आहे. माणूस किती मैलांवर राहतो हा नव्हे, माणूस कोण आहे हा.

आजीबाईंनी अखेर गावातल्या परवानाधारक दुकानदाराला त्याची फी दिली आणि रायफल त्याच्यामार्फत मोंटानातल्या दुकानदाराकडे रवाना केली. खर्च वाढला, दिवस गेले. 'मित्राला फॉर्म भरायला लागला, वाईट नाही वाटले?' मी विचारले.

'त्याला कसले वाईट वाटणार?' त्या म्हणाल्या. 'खरे म्हणजे तो फॉर्म मला त्या दुसऱ्याकडून भरून घ्यायचा होता.'